मदत हवी आहे : खिल्लार बैलाचं शिंग, कर्करोग असेल का?

नमस्कार मंडळी. आम्ही कागल तालुक्यातले. घरचा खिल्लार बैल, आठ वर्षांचा, गेले वीस दिवस सारखी मान झटकतोय आणि डावं शिंग गव्हाणीला घासतोय. बेंदराला शिंगं साळून रंगवली होती, त्यामुळं आधी वाटलं तिथंच दुखत असेल. पण परवा डाव्या नाकपुडीतून रक्त आलं, फक्त डाव्याच. शिंगाचं बूड हाताला गरम आणि मऊ लागतंय, आणि शिंग थोडं खाली कललंय. बोटानं टिचकी मारली तर उजवं पोकळ वाजतं, डावं भरल्यासारखं बद्द.

गावातल्या डॉक्टरांनी मार म्हणून इंजेक्शनं दिली, फरक शून्य. शिंगाचा कर्करोग बैलांतच जास्त, तोही पाच ते दहा वर्षांच्या वयात, असं कळल्यापासून झोप नाही. लहानपणापासून पोरासारखा वाढवलाय त्याला.

तुकडा काढून तपासल्याशिवाय नक्की सांगता येत नाही ना? कोल्हापुरात ही तपासणी कुठं होते, की थेट शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्यावं? टेम्पोत एवढा प्रवास शिंगाला झेपेल का? कुणी शिंग मुळापासून काढून घेतलं असेल, व्हिन्क्रिस्टीन हे कर्करोगावरचं औषध दिलं असेल, तर बैल पुढं जुवाला चालला का, तेही सांगा.