जेली धरत नाहीये, शुक्रवारी हळदीकुंकू आहे!!

मंजिरी_जुळेसोलापूर
कालपासून तीनदा उकळून झाली, जेली काही धरत नाही. बशीत थेंब टाकला की पळतो. शुक्रवारी हळदीकुंकू आहे, वाण म्हणून २५ छोट्या बाटल्या लुटायच्या ठरवल्यात. बाटल्या आणून धुऊन पालथ्या घातल्यात, जावेला सांगूनही बसले. काय करू? पटकन सांगा. जिलेटिन नको.

कवठप्रेमी
ताई, कसली जेली ते तरी सांगा. कवठाची असती तर हा धागा काढायची वेळच आली नसती.

मंजिरी_जुळेसोलापूर
डाळिंबाची हो. दुसरी कसली असणार? दिरांनी सांगोल्याहून १२ किलो पाठवलीत. तडकलेली आहेत म्हणून व्यापारी घेईना.

अप्पा_बागायतदार
तडकली म्हणजे पाण्याचा ताळमेळ चुकला. आधी ताण आणि मग एकदम भरपूर पाणी दिलं की फळ उकलतंच. मृग बहार धरलाय का? ठिबक किती तास चालवतात? बोरॉन सोडलं होतं का?

मंजिरी_जुळेसोलापूर
काका, बाग माझी नाही. माझ्याकडे फक्त पातेलं आहे.

काय_बे
वैनी, मी काय सांगूलालो, शेंगा चटणीच्या पुड्या वाटा. सोलापूरचं वाण, ना उकळणं ना धरणं.

मुसळवाली
पुड्या वाटा, पण मिक्सरमधली नको. उखळात कुटून तेल सुटलेली असेल तरच ती शेंगा चटणी.

काय_बे
२५ जणींसाठी उखळात कोण कुटणार बे?

तापमापक
चटणीचा वेगळा धागा काढा. मंजिरीताई, रस किती, साखर किती, लिंबू किती, हे तीन आकडे द्या. त्याशिवाय कोणी काही सांगितलं तर तो अंदाज आहे.

मंजिरी_जुळेसोलापूर
रस २ लिटर, ६ किलो डाळिंबांचा. साखर १ किलो. सासूबाईंना शुगर आहे म्हणून निम्मी घातली. लिंबू नाही, डाळिंब आंबट असतंच की.

तापमापक
घ्या, इथेच सगळं आहे. तुमचं डाळिंब भगवा जातीचं असणार, ते गोड; आंबटपणा फार कमी. जेलीला तीन गोष्टी लागतात: पेक्टिन (फळातला घट्टपणा आणणारा अंश), आंबट आणि साखर. डाळिंबाच्या रसात पेक्टिन जवळपास नाहीच. आंबट तुम्ही घातलं नाही, साखर निम्मी. मग धरणार काय?
पातेलं वजनकाट्यावर ठेवा. भगव्याच्या रसात साधारण १५ टक्के साखर असते. म्हणजे २ लिटरमधली ३०० ग्रॅम आणि वरची १ किलो, एकूण १३०० ग्रॅम. जेलीत साखर ६५ टक्क्यांच्या आसपास हवी, म्हणजे ऐवज २ किलोवर यायला हवा.

मंजिरी_जुळेसोलापूर
पातेल्यासकट ३ किलो ४००. पातेलं ९०० ग्रॅमचं. रंग पण विटकरी झालाय, काल लालभडक होता.

तापमापक
म्हणजे अडीच किलो. साखर ५२ टक्के. हे सरबत आहे. आणि रंग जाणारच, डाळिंबाचा लाल रंग फार वेळ उकळलेला सोसत नाही.

चायनाग्रास_झिंदाबाद
एवढी गणितं कशाला? चायना ग्रास १० ग्रॅम पाण्यात विरघळवून ओता, अर्ध्या तासात घट्ट. समुद्री शेवाळाचं असतं, शाकाहारी.

तापमापक
घट्ट होईल, टिकणार नाही. जेली टिकते ती साखरेमुळे. ५२ टक्क्यांवर चायना ग्रास घातलं तर फ्रिजमध्येच ठेवावं लागेल, शिवाय त्याला पाणी सुटतं. २५ बायका पर्समध्ये घालून नेणार आहेत.

चायनाग्रास_झिंदाबाद
माझ्याकडे महिनाभर राहिली होती.

कवठप्रेमी
फ्रिजमध्ये का बाहेर?

चायनाग्रास_झिंदाबाद
फ्रिजमध्ये. पण राहिली.

लांबणीवर_टाकणारी
मी दरवर्षी चिमूटभर केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, टिकवणारी पावडर) घालते, काही होत नाही.

तापमापक
डाळिंबात केएमएस नको, त्याने लाल रंग उडतो. रंगीत रसाला सोडियम बेंझोएट घालतात. पण साखर पुरेशी असेल तर घरच्या जेलीला दोन्ही लागत नाहीत.

कवठप्रेमी
आता माझं ऐका. मंडईत कवठं यायला लागलीत. दोन फोडा, गर पाण्यात शिजवा, फडक्यात टांगा. त्या पाण्यात एवढं पेक्टिन असतं की चमचा उभा राहील.

सुगरण_सातरस्ता
आणि रंग होईल काकवीसारखा, वास फक्त कवठाचा. आधीच विटकरी झालंय. पेरू घ्या. १ किलो, पिकलेले नकोत, दाताखाली करकरणारे. बियांसकट चिरून बुडेल एवढ्याच पाण्यात अर्धा तास शिजवा आणि रात्रभर फडक्यात टांगून ठेवा. फडकं पिळायचं नाही! पिळलं की जेली गढूळ.

कवठप्रेमी
पेरूला काय वास नसतो?

सुगरण_सातरस्ता
असतो. चांगला असतो.

मंजिरी_जुळेसोलापूर
भांडू नका हो. आज बुधवार. पेरू आणले. पुढे?

तापमापक
तुमच्या पाकातला निम्माच घ्या, १२५० ग्रॅम. तेवढा बिघडला तरी निम्मा हातात राहील. त्यात पेरूचं पाणी ७५० मिली, साखर ५०० ग्रॅम, दोन लिंबांचा रस. रुंद पातेल्यात मोठ्या आचेवर उकळा, ऐवज १८०० ग्रॅमवर आला की बंद. थर्मामीटर असेल तर पुस्तकातला १०५ चा आकडा समुद्रसपाटीचा. सोलापूर साधारण साडेचारशे मीटरवर, इथे दीड अंश आधीच होते. १०३.५ ला चमचा तिरका धरून बघा: दोन थेंब एकमेकांना चिकटून पापुद्र्यासारखे पडले की झाली.
आधी पेरूच्या पाण्याची परीक्षा करा. ते पाणी गार करून एक चमचा, दोन चमचे सर्जिकल स्पिरिट, वाटी हलवा. गोळा जमला तर पेक्टिन भरपूर, धागेच आले तर पाणी आणखी आटवा. ते चाखायचं नाही, फेकायचं.

सुगरण_सातरस्ता
बाटल्या उकळत्या पाण्यातून काढा आणि जेली कडकडीत असतानाच भरा. गार बाटलीत ओतली तर तडकेल. आणि तडकलेल्या डाळिंबात एक जरी काळा दाणा दिसला तरी अख्खं फळ टाका.

अप्पा_बागायतदार
केगावला डाळिंब संशोधन केंद्र आहे. दिरांना म्हणावं एकदा जाऊन या, तडकण्यावर सांगतील.

मंजिरी_जुळेसोलापूर
आत्ता रात्रीचे ११ वाजलेत. स्पिरिटच्या वाटीत चक्क जेलीफिशसारखा गोळा आला, मुलाने फोटो काढला. १८३० ग्रॅमवर थांबले. बाटली आडवी केली तर जेली हलते, सांडत नाही!! १७ बाटल्या भरल्या. रंग माणकासारखा नाही, जांभळट तांबडा आहे, पण उजेडासमोर धरला की आरपार दिसतो. उरलेल्या निम्म्या पाकाला आता हात लावत नाही, लिंबू पिळून त्याचंच सरबत देणार. सासूबाईंना नाही.

कवठप्रेमी
१७ झाल्या, २५ हव्यात. कवठ अजून मंडईत आहे.

काय_बे
उरलेल्या ८ जणींना शेंगा चटणी.

मंजिरी_जुळेसोलापूर
@काय_बे तेच करतेय. कुटतेय जाऊ.