मदत हवी आहे: मानेच्या सोनोग्राफीत प्लाक निघाला, हृदयाचं काय समजायचं?

सावळागोंधळ:
नमस्कार मंडळी. वय ४७, बीपी नाही, शुगर नाही, त्रास कसलाच नाही. पण वडिलांना ५१व्या वर्षी हार्ट अटॅक आला होता, म्हणून यंदा सगळ्या तपासण्या करून घेतल्या. पॅकेजमध्ये मानेच्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी, म्हणजे कॅरोटिड डॉपलरही होती. मी मागितली नव्हती. आता तीच डोक्याला ताप झाली आहे.

रिपोर्टमध्ये आयएमटी उजवीकडे ०.७ मिमी, डावीकडे ०.८. डावीकडे रोहिणी जिथे दुभंगते तिथे १.८ मिमी जाडीचा प्लाक, म्हणजे भिंतीवर चरबी साठून आलेला उंचवटा. खाली 'रक्तप्रवाहात लक्षणीय अडथळा नाही'. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १४८.

तिथल्या डॉक्टरांनी "वयानुसार होतं" म्हणून दोन मिनिटांत वाटेला लावलं. नणंद म्हणते, थेट अँजिओग्राफीच कर. फिजिशियनची वेळ पुढच्या आठवड्यात आहे आणि तोवर झोप नाही. तपासली मान आणि अंदाज हृदयाचा, हे कसं? आणि ०.८ हा आकडा बरा की वाईट? जाणकारांनी सांगावं.

क्षकिरण:
रेडिओलॉजिस्ट आहे, पण तुम्हाला तपासलेलं नाही, तेव्हा हे सर्वसाधारण बोलणं समजा.

हृदयाच्या रोहिण्या बारीक, खोल आणि सतत हलणाऱ्या. सोनोग्राफीत त्यांची भिंत नीट दिसत नाही. मानेतली मात्र कातडीखालीच असते. चरबी साठण्याचा आजार एका जागेपुरता नसतो, म्हणून मानेत डोकावून इतरत्र काय चाललं असेल याचा अंदाज बांधतात.

आयएमटी म्हणजे भिंतीच्या आतल्या दोन थरांची जाडी. ती वयाने वाढते, बीपीने वाढते, आणि प्रोब जरा तिरका धरला तरी ०.१ मिमीचा फरक पडतो. एके काळी या आकड्याचं फार कौतुक होतं. २०१० मध्ये अमेरिकन हृदयरोग संघटनांनी त्याला अनुकूल मत दिलं होतं. मग २०१२ मध्ये १४ अभ्यासांतल्या ४५ हजारांहून जास्त लोकांची माहिती एकत्र तपासली. वय, बीपी, कोलेस्टेरॉल, सिगारेट यांवरून जो धोका कळतो, त्यात आयएमटीने जेमतेम भर पडत होती. २०१३ मध्ये त्याच संघटनांनी ही मोजणी सरसकट करू नका असं सांगितलं. तेव्हा ०.८ विसरा.

प्लाक विसरू नका. १.५ मिमीच्या वरची जाडी प्लाक धरतात आणि त्याने हृदयविकाराचा धोका वाढलेला असतो. 'वयानुसार' म्हणून सोडून द्यायची गोष्ट नाही ती. त्यात वडिलांचा अटॅक ५५च्या आतला. कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी (स्टॅटिन) सुरू करायची का, हा प्रश्न फिजिशियनकडे तुम्हीच काढा.

अँजिओग्राफी? त्रास नसताना केवळ या रिपोर्टवरून नाही. गोळीबद्दल निर्णय होत नसेल तर सीटीवर कॅल्शियम स्कोअर काढतात, म्हणजे हृदयाच्या रोहिण्यांत साठलेलं कॅल्शियम मोजतात. त्यात थेट हृदयाच्याच रोहिण्या दिसतात, त्यामुळे अटॅकचा अंदाज मानेपेक्षा बरा येतो.

जुना_भिडू:
माझी मान स्वच्छ निघाली होती. मी खूश, औषध बंद. आठ महिन्यांत जिना चढताना छाती दाबल्यासारखी व्हायला लागली आणि स्टेंट पडला. मान स्वच्छ म्हणजे हृदय स्वच्छ, असं कुणी धरून चालू नये.

सावळागोंधळ:
बापरे. आणि हा प्लाक सुटून मेंदूत गेला तर?

क्षकिरण:
ती भीती मुख्यतः वाहिनी बरीच अरुंद झाली की. तुमचा प्रवाह मोकळा आहे. तरी चेहरा वाकडा होणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, बोलताना जीभ अडखळणं यातलं काही अचानक झालं तर तडक हॉस्पिटल. मिनिटाभरात बरं वाटलं तरीही.

सावळागोंधळ (दहा दिवसांनी):
जाऊन आले. स्टॅटिन सुरू झालं, दोन महिन्यांनी कोलेस्टेरॉल परत तपासायचं. सोनोग्राफी इतक्यात परत नको म्हणाले. पण मॅडमनी स्क्रीनवर तो उंचवटा बोट ठेवून दाखवला, तेव्हा कुठे गोळी घ्यायची मनाची तयारी झाली. आकड्यांनी नव्हती झाली.

क्षकिरण:
स्वीडनमध्ये हेच करून पाहिलं होतं, २०१९ मध्ये निष्कर्ष आले. ज्यांना स्वतःच्या रोहिणीचं चित्र दाखवलं, त्यांचा धोका वर्षभरात न दाखवलेल्यांपेक्षा कमी झालेला दिसला.

सावळागोंधळ:
शेवटचं विचारते. अटॉर्वास्टॅटिन रात्रीच घ्यायची का? रात्री मी हमखास विसरते.

क्षकिरण:
ही कधीही चालते. सकाळी दात घासायच्या ब्रशशेजारी ठेवा.