पिवळसर की पिवळट?

पागोळी: शार्लट पर्किन्स गिलमन या अमेरिकी लेखिकेची 'द यलो वॉलपेपर' (१८९२) ही कथा मराठीत आणायला घेतलीय, म्हणून परवा पुन्हा वाचली. नुकतीच बाळंतीण झालेली बाई, डॉक्टर नवरा, वरच्या मजल्यावरची गजांच्या खिडक्यांची खोली आणि भिंतीवरचा पिवळा कागद. लिहायलाही बंदी, म्हणून ती चोरून लिहिते, तेच आपण वाचतो. या कागदाचा वास घरभर फिरतो, तिच्या केसांत बसतो. कशासारखा? तर कागदाच्या रंगासारखा. पिवळा वास!

तिथे माझ्या नाकात काहीतरी शिरलंच. कोकणातल्या आमच्या घरी आषाढात मागच्या भिंतीला ओल येते, पोपडे सुटतात, गाद्यांना वास मारतो, तोच. कथेतही आठवडाभर धुकं-पाऊस झाला की तो जास्त जाणवतो. याला मराठीत काय म्हणाल? 'कुबट' म्हटलं तर रंग जातो. 'पिवळा वास' म्हटलं तर अंगावर काही येत नाही.

उंबरा: 'पिवळसर वास' चालेल का?

जुनी वही: अजिबात नको. पिवळसर साडी दुकानदार कौतुकाने दाखवेल, पिवळट म्हणून विकायला काढणार नाही. पिवळट म्हणजे दात, डाग, ठेवणीत खराब झालेला सदरा. गंमत अशी की हा 'ट' एका इंद्रियापाशी थांबत नाही. कडवट जिभेला, ओशट बोटांना, कुबट नाकाला, मळकट डोळ्यांना. हिरवट तर रंगही आहे, कच्च्या पाल्याचा वासही आहे आणि काही म्हातारेही आहेत! म्हणून 'पिवळट वास' मराठी कानाला खटकत नाही. ती बाई जगातल्या पिवळ्या वस्तू आठवते तेव्हाही सुंदर फुलं वगळते, जुन्या घाणेरड्या वस्तूच घेते. पिवळाधमक झेंडू बाद झाला, उरलं ते पिवळट.

उंबरा: मग आंबट-खारटाने काय घोडं मारलंय?

जुनी वही: त्या चवींची ती नावंच झाली. जोडी असेल तिथे फरक कळतो: कडू-कडवट, पांढरा-पांढरट.

माजघर: ताई, मला वासापेक्षा डाग लागले. कागदाला अंग घासलं की कपडे पिवळे होतात, तिचे आणि नवऱ्याचेही. आपल्याकडे मुलीचे 'हात पिवळे करणे' म्हणजे तिचं लग्न लावून देणे. ते आठवलं आणि पुस्तक मिटून ठेवलं. किळस म्हणणार नाही, ती समोरच्या वस्तूची येते आणि वस्तू उचलून टाकली की जाते. शहाराही तेवढ्यापुरता. मला आली ती शिसारी. जेवायला बसले तरी होतीच.

उंबरा: आमच्याकडे शिसारी आणि किळस एकच.

पागोळी: 'पिवळट' घेतला. आता पुढचं अडलंय. शेवटी ती भिंतीला खांदा लावून खोलीभर फिरते ना, तिथे 'सरपटते' लिहू की 'रांगते'? सरपटते म्हटलं की साप दिसतो. आणि ती खोली आधी लहान मुलांची असावी, असा तिचाच अंदाज आहे.

माजघर: रांगते.