क्लास टू म्हणजे नक्की काय? इंदूरमध्ये दातांच्या तारांसाठी कुठे दाखवू?

सुदामानगरची_आई: मुलगी 11 वर्षांची आहे, वरचे दात पुढे, काल दाखवायला नेलं तर कागदावर लिहून दिलं क्लास टू डिव्हिजन वन, ओव्हरजेट 8 एमएम, डीप बाइट, आणि वर तोंडी सांगितलं की चार दाढा काढाव्या लागतील. सासूबाई म्हणतात दुसऱ्या वर्गात पास झाली की काय पोरगी! आम्हाला यातलं ओ की ठो कळलं नाही. खर्चाचं नंतर बघू, आधी कोणीतरी समजावा.

रामबागवाला: ताई, क्लास म्हणजे दात किती खराब ते नाही हो. अँगल नावाच्या अमेरिकन डॉक्टरने 1899 मध्ये ही पद्धत काढली, त्यात सहाव्या वर्षाच्या आसपास येते ती पहिली पक्की दाढ, वरची खालचीवर कशी बसते तेवढंच बघतात. बरोबर बसली तर वन, खालची मागे राहिली तर टू, पुढे गेली तर थ्री. क्लास वनवाल्यांचेही दात वाकडे असू शकतात, माझेच आहेत. डिव्हिजन वन म्हणजे वरचे पटाशीचे दात बाहेर झुकलेले. ओव्हरजेट म्हणजे वरच्या नि खालच्या पटाशींमधलं आडवं अंतर, 2-3 एमएम चालतं, 8 जरा जास्तच. ओव्हरबाइट उभा मोजतात, वरचा दात खालच्याला किती झाकतो ते, आणि फार झाकला की डीप बाइट. आणि हो, तारांसाठी काढतात त्या बहुतेक सुळ्याच्या मागच्या उपदाढा, मोठ्या दाढा नाहीत, घाबरू नका.

पोहे_विथ_शेव: वरचं सगळं बरोबर पण खरा प्रश्न वेगळाय. दाढ मागे बसते ती खालचा जबडाच मागे आहे म्हणून की नुसते दात सरकलेत म्हणून, हे त्या क्लासवरून कळत नाही, त्यासाठी बाजूने काढलेला एक्स-रे लागतो, लॅटरल सेफ म्हणतात. तो काढलाय का? जबडा मागे असेल तर या वयात ट्विन ब्लॉक चालतो, वर-खाली दोन काढता-घालता येणाऱ्या प्लेटा, तोंड मिटलं की खालचा जबडा पुढे सरकतो. पण हे वाढ चालू आहे तोवरच, वाढ संपली की उपयोग नाही. माझ्या भाच्याला लावला होता, पहिले आठ दिवस बोबडा बोलायचा बिचारा. उपदाढा काढायच्या आधी हे विचाराच.

सुदामानगरची_आई: एक्स-रे समोरूनच काढलाय, सगळे दात दिसतात तो.

पोहे_विथ_शेव: तो ओपीजी. मग सेफ काढून घ्या.

रामबागवाला: दुसरं मत हवं तर सरकारी डेंटल कॉलेजात ऑर्थोच्या, म्हणजे वाकडे दात सरळ करतात त्या विभागात दाखवा, सकाळी लवकर जा. बाहेर दाखवलंत तर एमडीएस ऑर्थोच, म्हणजे त्याच विषयात पुढची पदवी घेतलेला डॉक्टर बघा. आणि तारा निघाल्यावर रिटेनर, दात जागेवर धरून ठेवतो तो, घालायला लावा हो, मी कॉलेजात असताना कपाटात ठेवून दिला आणि दात परत जिथल्या तिथे.

सुदामानगरची_आई: उद्याच सेफचं विचारते. पोरगी विचारतेय तारा लागल्यावर सराफ्यात रात्री खायला जायचं की नाही?

पोहे_विथ_शेव: जायचं की! भुट्टा दाताने तोडायचा नाही, किसून शिजवलेला भुट्ट्याचा कीस चालेल. गराडू, तो तळलेला कंद, मऊ असला तरच.