किरणोत्सार शिकवताना ज्वालामुखीची काच हवी की नको?

सत्तरीकर
गोव्यातल्या कॉलेजांत किरणोत्सार म्हटलं की गायगर काउंटर, फार तर कणांचे माग उमटणारं सीआर-३९ प्लास्टिक. माझं ठाम मत आहे, बीएस्सीच्या मुलांच्या हातात ऑब्सिडियन, म्हणजे ज्वालामुखीची काच द्या. या काचेत किंचित युरेनियम असतं. युरेनियम-२३८चा एखादा अणू आपोआप दुभंगतो, दोन तुकडे उलट दिशांना सुटतात आणि मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा चर मागे राहतो. आम्लात तो रुंदावतो, मग साध्या मायक्रोस्कोपखाली मोजा. फ्लायशर, प्राइस, वॉकर या शास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकात हे तंत्र उभं केलं. पुढे १९६९मध्ये अभ्रक आणि ऑब्सिडियनमध्ये चुंबकी एकध्रुवाचाही (एकच चुंबकी ध्रुव असलेल्या कल्पित कणाचा) माग काढून पाहिला गेला. लाखो वर्षं उघडा राहिलेला डिटेक्टर आणखी कुठे मिळणार?

डिचोलीची बाय
सर, एकध्रुव सापडला का? नाही. आणि आपल्याला घराघरांतला रेडॉन हा किरणोत्सारी वायू मोजायचाय. तो अल्फा कण सोडतो, ते या काचेत उमटतच नाहीत, सीआर-३९वर उमटतात. शिवाय ते आम्ल हायड्रोफ्लोरिक! काच खातं म्हणून प्लास्टिकच्या बाटलीत ठेवावं लागतं. सौम्य असलं तर कातडीवर पडल्याचं लगेच कळतही नाही, आत मात्र हाडापर्यंत पोचतं. एकोणीस वर्षांच्या पोरांना मी ते देणार नाही.

सत्तरीकर
आम्लाचं काम शिक्षकाने करावं, मोजणी मुलांनी. रेडॉनला सीआर-३९च हवं, त्यात वाद नाही. पण बाय, पुणे जिल्ह्यात बोरीला कुकडीकाठी सुमात्राच्या टोबा ज्वालामुखीची राख आहे, म्हणजे काचेचे कणच. काच जितकी जुनी तितके चर जास्त. वेस्टगेट या संशोधकाच्या गटाने १९९८मध्ये भारतीय द्वीपकल्पातली टोबाची सगळी राख, बोरीसकट, सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीची ठरवली, त्यात हे चर कामी आले.

डिचोलीची बाय
त्याच बोरीच्या राखेला दुसऱ्या पद्धतींनी कित्येक लाख वर्षं मिळालीत, तेही सांगा ना! काच ऊब लागली की चर पुसते. वय कमी दिसतं.

सत्तरीकर
त्यावर उपाय आहे. नमुना १५० अंशांवर ३० दिवस तापवतात, अर्धवट पुसलेले चर हिशेबात येतात.

फोंड्याचो दादा
दोघेही एक विसरताय. वय काढायचं तर आधी काचेतलं युरेनियम मोजायला हवं, त्यासाठी सहसा रिअॅक्टरमधले न्यूट्रॉन लागतात. ते फोंड्यात कुठून आणणार? गोवा विद्यापीठात ट्रॅक डिटेक्टरसाठी (असे चर टिपायला) नवे पॉलिमर, म्हणजे प्लास्टिक, बनवण्याचं काम झालंय, आपल्या मुलांना आधी तिथे धाडा.

सत्तरीकर
दादा, न्यूट्रॉन वय काढायला. चर बघायला आणि मोजायला नाही लागत. मी तेवढंच मागतोय.