शब्दचर्चा : आयपी ॲड्रेसला ‘पत्ता’ म्हणावं का?

दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात मी सेवा केंद्र चालवतो. सोमवारी लाइन (वीज) गेली, तासाभरानं आली आणि प्रिंटर चालेना. बाहेर सातबाऱ्यासाठी माणसं उभी. शोधलं तेव्हा कळलं, प्रिंटरचा आयपी ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कवर यंत्र ज्यानं सापडतं ते आकडे, आधी १९२.१६८.१.७ होता. लाइन आल्यावर राउटरनं, म्हणजे सगळ्या यंत्रांना नेट वाटणाऱ्या डब्यानं, त्याला १९२.१६८.१.९ दिला. कॉम्प्युटर मात्र ७ वरच कागद पाठवत होता. एका काकांनी विचारलं, “मशीन तं जागची हालली नाही, मंग पत्ता कसा बदलला?” मला सांगता आलं नाही. ‘पत्ता’ हा शब्दच इथं चुकतो का? ‘क्रमांक’ बरा?

प्रतिसाद १ :
क्रमांक नको, भाऊ. क्रमांक वस्तूला चिकटलेला असतो, ट्रॅक्टरच्या चेसिस नंबरासारखा. तसा यंत्राचा मॅक ॲड्रेस असतोच. आयपी मात्र जागेचा. तोच मोबाइल घरच्या वायफायवर एक आयपी घेतो, ग्रामपंचायतीच्या वायफायवर दुसरा. म्हणून ‘पत्ता’च बरोबर. फक्त शहरातला फ्लॅट नंबर डोळ्यापुढे आणू नका, आपलं मु. पो. आणा. आमचं गाव लहान, पोस्ट शेजारच्या गावात. पाकिटावर मुक्काम वेगळा, पोस्ट वेगळं. घरातला १९२.१६८ हा मुक्काम झाला, आणि तो लाखो घरांत तसाच असतो, कारण १०, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते आतल्या वापरासाठीच राखलेले आहेत. राउटर म्हणजे पोस्ट. बाहेरच्यांना तेवढंच माहीत. आलेला टपाल आत कोणाचा, हे ते पाहतं.

तेच पत्ते घरोघरी वापरायची ही काटकसर का? जुना पत्ता, आयपीव्ही४, ३२ बिटांचा (बिट म्हणजे ० किंवा १ चं एक घर), म्हणजे सारे मिळून ४२९ कोटींच्या वर थोडे. जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपले. नवा पत्ता, आयपीव्ही६, १२८ बिटांचा आहे.

प्रतिसाद २ :
मी शाळेत कॉम्प्युटर शिकवतो. माझं दुखणं ‘सबनेट मास्क’चं आहे, म्हणजे पत्त्यातला कोणता भाग नेटवर्कचा आणि कोणता यंत्राचा हे सांगणाऱ्या आकड्यांचं. त्याला ‘मुखवटा’ म्हटलं की पोरं काहीतरी लपवलंय असं समजतात. मी ‘शीव’ म्हणतो. गट नं. ४५ कितीतरी गावांत सापडेल. मौजा कळल्याशिवाय वावर कोणतं ते ठरत नाही. २५५.२५५.२५५.० हा मास्क म्हणजे पत्त्यातले पहिले तीन आकडे मौजा, शेवटचा गट. ज्याची मौजा तीच, त्याच्याशी यंत्र थेट बोलतं. शिवेपलीकडचा असला की सारं राउटरच्या हवाली. त्या गावात गट २५६ निघतात, पण ० हा खुद्द मौजेचा आणि २५५ हा दवंडीचा, सगळ्यांना एकदम ऐकवायचा. उरले २५४. दवंडी म्हटलं की शेवटच्या बाकावरच्यालाही ब्रॉडकास्ट कळतं!

प्रतिसाद १ :
‘शीव’ आवडला. आता काकांचं उत्तर. राउटर पत्ता देतो तो मुदतीनं, म्हणजे मक्त्यानं. पुष्कळ घरगुती राउटर लाइन गेली की कोणाला काय दिलं ती यादीच विसरतात, मग मोकळा असेल तो गट देतात. राउटरच्या सेटिंगमध्ये प्रिंटरचा मॅक ॲड्रेस टाकून ७ त्याच्यासाठी राखून ठेवा.

मूळ लेखक :
राखला. काल दोनदा लाइन गेली, प्रिंटर ७ वरच आला. काकांना मक्त्याचं सांगितलं. ते म्हणाले, “असं सांग ना मंग! मालक तं राउटरच हाये.”