जिरामध्ये सिक्युरिटीचा बग क्लायंटपासून लपवून कसा ठेवायचा?

मृण्मयी_क्यूए
नमस्कार मंडळी, आमचा बिलिंगचा प्रॉडक्ट आहे, जिरा क्लाउडवर (काम आणि बग तिकिटं म्हणून नोंदवायचं ऑनलाइन टूल) आहोत आणि त्याच प्रोजेक्टमध्ये क्लायंटची माणसं पण आहेत, त्यांना सगळी तिकिटं दिसतात, सुरुवातीपासून तसंच ठरलंय. आता टीममधल्या एकाला बग सापडलाय, यूआरएलमधला बिलाचा आयडी बदलला की दुसऱ्याच कंपनीचं बिल उघडतं. त्याने तिकीट टाकलं, स्क्रीनशॉट लावला, त्यात खऱ्या ग्राहकाचा पॅन नंबर सरळ वाचता येतोय आणि डिस्क्रिप्शनमध्ये पण तोच टाईप केलाय. फिक्स प्रॉडक्शनला जायला वेळ लागणार. तोवर एवढं एकच तिकीट झाकायचंय, बाकी बोर्ड आहे तसा राहू दे. मॅनेजर म्हणतायत डिलीट कर आणि एक्सेलमध्ये लिहून ठेव, मला ते अजिबात पटत नाहीये. काय करता येईल?

अ‍ॅडमिन_नाशिककर
एक्सेल नको. तिकडे गेलेला बग कोणाच्या स्प्रिंटमध्ये (ठरलेल्या मुदतीच्या कामात) येत नाही, क्यूए (टेस्टिंगवाले) त्याला रीटेस्ट करत नाही, आणि ती फाईल मेलवर फिरत राहते ते वेगळंच.

जिरात यासाठी इश्यू सिक्युरिटी आहे, म्हणजे एखादं तिकीट (इश्यू) कोणाला दिसेल ते ठरवायची सोय. अ‍ॅडमिनकडून सिक्युरिटी स्कीम बनवून घ्या, त्यात एक लेव्हल करा, नाव काहीही द्या, आणि लेव्हलमध्ये रिपोर्टर (तिकीट टाकणारा), असाइनी (ज्याच्याकडे काम आहे तो) आणि एक छोटा प्रोजेक्ट रोल (ठरावीक लोकांचा गट) एवढेच घाला. स्कीम प्रोजेक्टला जोडली आणि तिकिटावर लेव्हल लावली की बाकीच्यांसाठी ते तिकीट सर्चमध्ये नाही, बोर्डवर नाही, डायरेक्ट लिंक उघडली तरी दिसत नाही. सबटास्क आपोआप पॅरेंटची लेव्हल घेतात, पण लिंक केलेली तिकिटं घेत नाहीत, ती एकेक करून बघा. फ्री प्लॅनवर असाल तर हे मिळणार नाही. आणि वर सांगितलंय ते कंपनी-मॅनेज्ड (सेटिंग अ‍ॅडमिनकडे) प्रोजेक्टचं, टीम-मॅनेज्डमध्ये (सेटिंग टीमकडे) स्कीम नसते, तिथे तिकिटालाच रोलप्रमाणे रिस्ट्रिक्शन लावायचं.

आता महत्त्वाचं. डिस्क्रिप्शनमधून पॅन नंबर खोडला तरी तो जात नाही, खाली हिस्टरी टॅबमध्ये जुना मजकूर जसाच्या तसा असतो. त्यामुळे नवीन तिकीट टाका, लेव्हल लावून, स्क्रीनशॉटमध्ये नंबर काळा करून (ब्लर नको, सरळ काळा चौकोन मारा), आणि मग जुनं तिकीट डिलीट करा. डिलीट करायचंय ते एवढ्याचसाठी.

मृण्मयी_क्यूए
हिस्टरीचं डोक्यातच नव्हतं, खूप आभार दादा. मग एक ऑटोमेशन रूल लावू का, सिक्युरिटी असं लेबल पडलं की लेव्हल आपोआप सेट? म्हणजे कोणाला लक्षात ठेवायला नको.

बॅकएंडवाला
ताई तिथेच घोळ होतो. ऑटोमेशन तिकीट तयार झाल्यावर धावतं, तोवर "नवीन इश्यू" चं मेल क्लायंटच्या इनबॉक्समध्ये गेलेलं असू शकतं, टायटल डिस्क्रिप्शनसकट, आणि गेलेलं मेल जिरा परत आणू शकत नाही. लेव्हल तयार करतानाच, त्याच स्क्रीनवर लावली पाहिजे. त्यासाठी ते फील्ड क्रिएट स्क्रीनवर हवं आणि टेस्टर लोकांना सेट इश्यू सिक्युरिटी ही परमिशन हवी, शिवाय ते स्वतः त्या लेव्हलमध्ये नसतील तर ड्रॉपडाउनमध्ये ती लेव्हल दिसतच नाही. एवढं सगळं जमत नसेल तर सिक्युरिटीसाठी वेगळा प्रोजेक्टच काढा जिथे क्लायंट मुळातच नाही, मला तर तेच जास्त आवडतं, चुकायला जागाच कमी.

आणि जिराच्या बाहेर पण बघा. स्लॅक चॅनलवर बॉट तिकिटांची टायटलं टाकत असेल आणि त्या चॅनलमध्ये क्लायंट असेल तर सगळं मुसळ केरात. कोडमधलं ब्रँचचं नाव, कमिट मेसेज (बदलासोबत लिहायची ओळ), सगळीकडे तेच, "दुसऱ्याचं बिल दिसतं ते फिक्स" असं कमिटमध्ये लिहू नका, नुसता तिकीट नंबर टाका. टायटल पण मोघम ठेवा, "बिल एपीआय परमिशन चेक" वगैरे, तपशील आत.

ओपनसोर्स_कोल्हापूर
आमच्याकडे उलटी अडचण, रेपो (कोडचा साठा) पब्लिक. गिटहबच्या पब्लिक रेपोत एखादाच इश्यू प्रायव्हेट करायची सोयच नाही, म्हणून सेटिंगमध्ये जाऊन प्रायव्हेट व्हल्नरेबिलिटी रिपोर्टिंग (दोष खासगीत कळवायची सोय) चालू करावं लागतं, 2023 पासून ते सगळ्यांना मिळतंय. रिपोर्ट ड्राफ्ट अ‍ॅडव्हायझरी (अजून जाहीर न केलेली सूचना) म्हणून येतो, फिक्ससाठी तात्पुरता प्रायव्हेट फोर्क (कोडची वेगळी प्रत) मिळतो, फक्त त्या फोर्कवर सीआय (आपोआप चालणाऱ्या टेस्ट) चालत नाही, टेस्ट आपल्या मशीनवर चालवा. गिटलॅबवर सोपं आहे, इश्यू टाकताना कॉन्फिडेन्शियल टिक करा, गेस्ट रोलवाल्यांना तो दिसत नाही, स्वतः टाकलेला किंवा त्यांच्यावर असाइन केलेला असेल तर गोष्ट वेगळी.

पण लपवलं म्हणजे झालं असं समजू नका हे मनापासून सांगतो. मोझिलाचं (फायरफॉक्स ब्राउझर बनवणारे) 2015 चं प्रकरण वाचा. बगझिलात (त्यांचं बग नोंदवायचं टूल) सिक्युरिटी बग नीट ग्रुपमध्ये बंद होते, पण प्रिव्हिलेज असलेल्या एका अकाउंटचा पासवर्ड दुसऱ्या साइटवर पण तोच होता, तिकडून फुटला आणि चोराने आत येऊन 185 बंद बग वाचले, त्यातले 53 गंभीर होते. त्यातल्या एकाचा वापर करून फायरफॉक्स वापरणाऱ्यांवर हल्ला झाला. त्यानंतर त्यांनी प्रिव्हिलेजवाल्या अकाउंटला टू-फॅक्टर सक्तीचं केलं आणि कोण काय बघू शकतं ते कमी केलं. तुमच्या त्या लेव्हलमध्ये सोडून गेलेले लोक, जुने व्हेंडर, कॉमन "क्यूए टीम" लॉगिन कोण कोण आहे ते आजच बघा.

अ‍ॅडमिन_नाशिककर
वरचं सगळं बरोबर. अजून एक, फिक्स लाइव्ह झाला की तिकीट कधी उघडायचं ते आत्ताच ठरवा. क्रोमियमवाले (क्रोम ब्राउझर ज्यावर बनतो तो प्रोजेक्ट) सिक्युरिटी बग फिक्स झाल्यावर साधारण 14 आठवड्यांनी खुले करतात, तोवर लोकांचे ब्राउझर अपडेट झालेले असतात. तुमचं सगळं सर्व्हरवर आहे म्हणजे इतकं थांबायची गरज नाही, पण त्याच्या ग्राहकांचा डेटा दुसऱ्यांना दिसत होता हे क्लायंटला तुमच्याकडूनच आणि लवकर कळलं पाहिजे, तिकीट झाकलेलं असलं तरी. ते मॅनेजरांनी फोन करून सांगावं.

मृण्मयी_क्यूए
नवीन तिकीट टाकलं लेव्हल लावून, जुनं डिलीट केलं. बघितलं तर रोलमध्ये दोन जुने व्हेंडर अजून होते, काढले. क्लायंटशी उद्या कॉल लावलाय, मॅनेजर स्वतः बोलणार आहेत. वेगळ्या प्रोजेक्टचं पुढच्या स्प्रिंटला करतो.